विटांवर पत्रा ठोकू नका: शाळेच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शाळेच्या नोटीस बोर्डावर लागलेला ठराव मी उभ्या उभ्या दोनदा वाचला. इमारतीचे नूतनीकरण होणार आहे. बाहेरून पूर्ण गिलावा आणि रंग, दर्शनी बाजूला अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल, वारा-उजेडासाठी भोके ठेवून रचलेल्या विटांच्या जाळ्या काढून तिथे सरकत्या काचेच्या खिडक्या, वर्गांत फॉल्स सीलिंग. काम उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू. कारण शेवटी एका ओळीत दिले आहे: इमारत अपूर्ण व जुनाट दिसते, पालकांवर चांगली छाप पडत नाही.

ही इमारत अपूर्ण नाही. ती पूर्ण झाली त्या दिवशी मी तिथे हजर होते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मंडळाला लिहून ते फायलीत जाऊ द्यायचे नाही, पालकांनी आणि गावाने वाचावे अशी इच्छा आहे, म्हणून ते उघड लिहिते आहे.

१९९६ साली काम सुरू झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नुकतीच आर्किटेक्ट झाले होते आणि ही माझी पहिली नोकरी. आराखडा सरांचा, म्हणजे माझ्या वरिष्ठ आर्किटेक्टांचा. सर आता नाहीत. ऐंशीच्या दशकात त्यांनी तिरुअनंतपुरमला लॉरी बेकर या, उघड्या विटांत स्वस्त आणि साधे बांधणाऱ्या आर्किटेक्टांच्या कामांवर काही वर्षे काढली होती, आणि तिथे जे हाताला लागले ते घेऊन ते परत आले होते. चौदा महिने मी रोज साइटवर असे. विटा मोजणे, पाणी मारले की नाही ते बघणे, ओळंबा धरणे, आणि सरांना संध्याकाळी फोन करून दिवसाचा हिशोब सांगणे हे माझे काम.

एक प्रसंग सांगते. आपल्याकडच्या गवंड्यांनी आयुष्यभर गिलाव्याखाली जाणारी भिंत बांधलेली. वरून गिलावा येणार म्हटले की दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, मागेपुढे झाल्या तरी चालतात, तुकडा वीट लावली तरी चालते. इथे गिलावाच नव्हता. पहिली भिंत कमरेइतकी आली आणि सरांनी ती उतरवायला लावली. पुन्हा चढवली, पुन्हा उतरवली. मुख्य मिस्त्री दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या खेपेला मात्र ते विटांच्या थप्पीशी स्वतः बसले. एकेक वीट हातात फिरवायची, चारी अंगांनी बघायची, जे अंग सरळ आणि लाल भाजलेले ते बाहेर ठेवायचे. वीट बसली की गोणपाटाच्या ओल्या तुकड्याने लगेच पुसायची, मसाला तिच्यावर वाळू द्यायचा नाही. त्या भिंतीला सरांनी हात लावला नाही, नुसते बघून पुढे गेले. इमारत झाल्यावर एका रविवारी मिस्त्री बायकोला आणि नातवाला घेऊन आले आणि वाचनालयाच्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, "ही मी बांधली." तोवर त्यांनी आपले काम दाखवायला घरच्यांना कधी आणले नव्हते. दाखवायला काही उरतच नसे, आठ दिवसांत त्यावर गिलावा चढायचा.

तीच भिंत तुम्ही आता झाकणार आहात.

पालकसभेत एका विश्वस्तांनी असेही सांगितले की ही उघड्या विटांची पद्धत केरळातली, एका इंग्रजाची, आपल्या मातीतली नव्हे. त्यांच्याविषयी आदर ठेवून याला उत्तर देणे मला भाग आहे, कारण हा आक्षेप मनापासून घेणारे पुष्कळ आहेत.

बेकर जन्माने इंग्रजच. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मले, तिथेच वास्तुकला शिकले. तरुणपणी ते क्वेकर झाले. साधेपणाला धर्म मानणारा तो पंथ. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरणार नाही म्हणून ते रुग्णसेवेच्या पथकात गेले आणि तिथून चीनमध्ये, कुष्ठरोग्यांच्या सेवेत. परत जाताना जहाजाची वाट बघत मुंबईत काही महिने अडकले आणि गांधीजींच्या सहवासात आले. टाकाऊ कापडाचे हाताने केलेले बूट बेकरांच्या पायात होते, त्यावरून ओळख झाली असे ते सांगत. आदर्श घराचे सगळे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांना तेव्हा मिळाला. तो पुरता पटायला आपल्याला पुष्कळ वर्षे लागली, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. गांधीजी तसे राहतही होते. १९३६ साली ते वर्ध्याजवळ सेगावात राहायला गेले, त्या सेवाग्रामच्या कुट्या माती, बांबू आणि कौलांच्या आहेत. आपल्या मुलांची सहल तिथे गेली होती, त्याचे फोटो शाळेच्या कार्यालयात लावलेले आहेत.

१९४५ साली बेकर कुष्ठरोग्यांच्या संस्थेसाठी भारतात आले. डॉ. एलिझाबेथ जेकब या मल्याळी डॉक्टरांशी लग्न झाल्यावर दोघे हिमालयात, कुमाऊँमध्ये पिथौरागढला गेले आणि तिथे सोळा वर्षे राहिले. बर्मिंगहॅमला शिकलेले त्या डोंगरात उपयोगी पडेना. वाळवी, पावसाची झड, शेण, माती, ओबडधोबड दगड यांचे काय करायचे ते पुस्तकात नव्हते, ते तिथल्या माणसांना येत होते. म्हणून ते त्यांच्याकडून शिकले. माझ्या मते या गृहस्थाचे खरे शिक्षण पिथौरागढला झाले, पदवी मिळून बरीच वर्षे लोटल्यावर. १९६३ नंतर ते केरळात आले. सत्तरच्या दशकात तिरुअनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर उभा राहिला: टेकडीचा उतार न कापता, झाडे राखून, उघड्या विटांत. संस्थेमागे अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज होते, पाठीशी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन. पुढे १९८५ साली स्वस्त आणि साध्या बांधकामासाठी 'कॉस्टफोर्ड' ही संस्था निघाली, तिच्या स्थापनेत हे तिघेही होते. बेकरांनी १९८९ साली भारताचे नागरिकत्व घेतले, १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २००७ साली ते तिरुअनंतपुरमलाच वारले. आयुष्याची साठ वर्षे इथे काढलेल्या माणसाला 'एक इंग्रज' म्हणून बाजूला ठेवणे मला मान्य नाही.

आणि 'आपले' म्हणजे तरी कुठले? मंगलोरी कौल घ्या. १८६५ साली बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, तिथून ते कौल किनाऱ्याने वर आले. आज कोकणातले घर त्या कौलाशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. जे सामान हवेला, पावसाला, हाताला जुळले ते आपले झाले. वीट तर आपल्याकडे भाजली जाते. शाळेपासून दोन कोसांवर भट्ट्या आहेत. अॅल्युमिनियमचे पॅनेल त्या मानाने कुठून येते, तेही बघा.

आता ठरावाविषयी.

पहिली तक्रार अशी की निर्णयाआधी कुणाला विचारले गेले नाही. इमारतीच्या नकाशांचा पूर्ण संच माझ्याकडे आहे, सरांच्या घरच्यांनी तो माझ्या स्वाधीन केला. मंडळाकडून एकही फोन आला नाही. ठरावासोबत स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल नाही. कंत्राटदाराचे रंगीत चित्र तेवढे जोडले आहे.

दुसरी तक्रार सुरक्षिततेची आहे आणि ती कृपया नीट वाचावी. ही भिंत नऊ इंचांची असली तरी भरीव नाही. रॅट ट्रॅप बाँड या पद्धतीत विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या करतात. दोन्ही बाजूंना तीन तीन इंचांची पाठ, मध्ये तीन इंचांची पोकळी, आणि ठराविक अंतरावर दोन्ही पाठींना जोडणारी आडवी वीट. त्यामुळे सुमारे चौथाई विटा वाचतात आणि मधली हवा ऊन अडवते. वाचलेल्या पैशांतून तेव्हा वाचनालयाची खोली झाली, मूळ अंदाजपत्रकात ती नव्हती. किल्लारीचा भूकंप होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट कुणाच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती, आणि दगडमातीच्या जाड भिंतींवर मातीचे जड माळवद असलेली घरे कशी बसली ते सगळ्यांनी पाहिले होते. तेव्हाच्या विश्वस्तांनी सरांना पहिला प्रश्न तोच विचारला. म्हणून जोत्याला, दारेखिडक्यांच्या वर लिंटेलला आणि छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे आहेत, आणि कोपऱ्यांत त्याच पोकळीतून उभी सळई घालून काँक्रीट भरलेले आहे. पॅनेलची चौकट बसवायला या भिंतीला शेकडो भोके पाडावी लागतील. तीन इंचांच्या पाठीतून ड्रिल आरपार पोकळीत जाईल आणि बोल्टला धरायला काही सापडणार नाही. धरला तरी त्यावर वाऱ्याने ओढला जाणारा पत्रा लटकणार, आणि त्याखालून मुले जाणार येणार. शिवाय या पॅनेलच्या दोन पत्र्यांमध्ये जे असते ते स्वस्त मालात प्लास्टिक असते, आणि ते पेटते. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये अशाच पॅनेलवरून आग वर चढली आणि ७२ माणसे गेली. तुमच्या कोटेशनमध्ये पॅनेलच्या गाभ्याचा उल्लेखही नाही.

तिसरी गोष्ट ओलीची. उत्तरेच्या भिंतीला लोणा लागला आहे, हे खरे. विटांची पूड पडते, पांढरा थर येतो, मुलांच्या गणवेशाला लागतो. 'उघडी वीट टिकत नाही' याचा पुरावा म्हणून मंडळाने तोच फोटो दाखवला. पण भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बघा. चार वर्षांपूर्वी सुशोभीकरणात तिथे फुलझाडांचे वाफे केले. वाफ्यांतली माती जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर आली आहे आणि माळीकाका रोज सकाळी तिला पाणी घालतात. ते पाणी भिंत पिते. ज्या भिंतींना वाफे नाहीत, त्यांना लोणा नाही. माझे म्हणणे खोटे असेल तर शाळेभोवती एक फेरी मारून मला दाखवा. सिमेंटचा गिलावा चढवलात तर ओल आतच कोंडेल, आणखी वर चढेल, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्यालाही पोपडे येतील.

छताची गळती तशीच. हे फिलर स्लॅब आहेत. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते, म्हणून तिथल्या काँक्रीटच्या जागी मंगलोरी कौले घातली आहेत. वर्गात मान वर केली की ती दिसतात. गळती कौलांमुळे नाही. गच्चीवरच्या सहा पाण्याच्या तोंडांपैकी दोन सायकल शेड बांधताना बुजवली गेली आणि उरलेल्यांत कडुनिंबाचा पाला अडकतो. मी मार्चमध्ये शिपायांसोबत वर जाऊन पाहिले, एका पाइपात पक्ष्याचे घरटे होते. फॉल्स सीलिंगने गळती थांबणार नाही, फक्त दिसेनाशी होईल. आणि ते टांगायला जिथे जिथे कौलात भोक पडेल तिथे कौल तडकेल.

जाळ्यांविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे. ती माझी आवडती जागा आहे, हे लपवत नाही.

पाचवीच्या वर्गात दक्षिणेच्या जाळीतून सकाळी उन्हाचे चौकोन फळ्याखाली पडतात आणि दिवसभर सरकत दाराकडे जातात. गणिताच्या जुन्या बाई त्यांवरून तास सांगायच्या, मुलांनी फरशीवर खडूने खुणा केल्या होत्या. वारा खालच्या भोकांतून येतो, तापलेली हवा वरच्या भोकांतून जाते. वीज गेली तरी त्या वर्गात बसता येते, आणि मे महिन्यात जादा वर्ग तिथेच भरतात, हे शिक्षकांनाच विचारा. सरकती काचेची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. काच बसली की ऊन आत येईल आणि अडकेल, मग पंखे वाढतील, मग एसीची मागणी येईल. बिल कोण भरणार, ते ठरावात नाही.

पण या इमारतीत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. जोराच्या पावसात पश्चिमेच्या दोन वर्गांत जाळीतून झड येते आणि पहिल्या बाकावरच्या वह्या भिजतात. कबुतरे घरटी करतात. तळमजल्याचा कोपऱ्यातला वर्ग पावसाळ्यात अंधारा असतो, तिथे आराखड्यातच चूक झाली आणि सरांनी ती नंतर कबूल केली होती. शिक्षकांनी या तक्रारी वर्षानुवर्षे लिहून दिल्या. त्यांवर काही झाले नाही, आणि आता एकदम सगळी इमारतच झाकायला निघालो आहोत, याचे मला फार वाईट वाटते. झडीला बाहेरून छज्जा आणि आतून लाकडी झडप पुरते. कबुतरांना आतल्या बाजूने तारेची जाळी.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण बाकी सगळे तांत्रिक आहे आणि खरे कारण ते आहे. इमारत 'चांगली दिसत नाही' म्हणजे गरीब दिसते, असे सभेत शेवटी कुणीतरी बोललेच. मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारच्या बाईंचा नवरा भट्टीवर काम करतो. या शाळेत वीटभट्टीवरच्या कुटुंबांतली मुले आहेत, हंगामाला येतात, हंगाम संपला की जातात, आणि त्यांना टिकवायला शिक्षक जिवाचे रान करतात. त्यांच्या आईबापांनी थापलेली आणि भाजलेली वीट या शाळेच्या दर्शनी भिंतीत आहे. गावात दुसऱ्या कुठल्या चांगल्या इमारतीवर ती उघड दिसते? एकदा सहावीतल्या मुलाने मला भिंतीतली एक वीट दाखवली, तिच्यावर बोटांचे वळ उमटलेले होते. थापताना ओल्या मातीत उमटले आणि भाजून पक्के झाले. तो म्हणाला, ही आमच्याकडची असणार, आई अशीच उचलते. त्या मुलासमोर तुम्ही सांगणार आहात की वीट ही झाकायची गोष्ट आहे, आणि तिच्यावर जे ठोकायचे ते दगडासारखे दिसणारे पण दगड नसलेले पॅनेल चांगले. कोटेशनमधल्या चित्रात ते पॅनेल 'ग्रॅनाइट फिनिश' आहे.

माझ्या मागण्या अशा.

कंत्राटदाराला दिलेला कार्यादेश स्थगित करावा आणि तसे लेखी कळवावे. काम सुट्टीत सुरू होणार असल्याने हे सुट्टी लागण्याआधी व्हायला हवे.

कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या, विटांच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावावा. अहवाल माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध आला तर मी तो मान्य करीन आणि तसे पालकांसमोर सांगेन.

उत्तरेचे वाफे भिंतीपासून तीन फूट लांब न्यावेत, जोते उघडे करावे, भिंत एक पूर्ण उन्हाळा वाळू द्यावी. मग खराब झालेल्या विटा बदलून दरजा नव्याने भराव्यात. बुजवलेली दोन तोंडे उघडावीत आणि गच्चीची सफाई दर वर्षी मे अखेरीस व्हावी, त्याची नोंदवही ठेवावी.

पश्चिमेच्या दोन वर्गांना छज्जा आणि झडपा कराव्यात, कोपऱ्यातल्या वर्गाला एक मोठी खिडकी पाडावी. ती कुठे पाडता येईल ते नकाशावर मी खूण करून देते.

या सगळ्यातून जो पैसा वाचेल त्यातून आधी मुलींची स्वच्छतागृहे बांधावीत. ती मागणी तीन वर्षांच्या इतिवृत्तांत आहे आणि दर वेळी 'निधीअभावी' असा शेरा पडला आहे.

नकाशांचा संच मी शाळेला द्यायला तयार आहे, फक्त त्याची प्रत वाचनालयात मुलांना बघायला ठेवावी. दुरुस्तीच्या देखरेखीचे मी पैसे घेणार नाही. मिस्त्री आता थकले आहेत, पण तो नातू, जो त्या रविवारी भिंत बघायला आला होता, आज स्वतः गवंडी आहे आणि दरजा भरायला येतो म्हणाला आहे. येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघे उत्तरेच्या भिंतीशी असू. मंडळातल्या कुणीही यावे. वाफ्यातली माती हाताने बाजूला केली की ओल कुठपर्यंत चढली आहे ते दिसते, त्याला पाच मिनिटे लागतात.

आपली,
या इमारतीवर पहिली नोकरी केलेली आर्किटेक्ट